रात्री दोन वाजता कोण येणार?

“पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा? मग पकडायचा कशाला?”

माझ्या धाकट्या जावेचा हा प्रश्न. आमचं सीकेपी घर. मासा म्हणजे एकतर तव्यावर, नाहीतर कालवणात! त्यामुळे आमचे ‘हे’ सहासष्टाव्या वर्षी कॅनडातल्या जंगलातल्या तळ्यावर मासे धरायला जाणार आणि धरलेला मासा सोडून देणार, हे ऐकून घरात नुसती हसाहशी झाली. मला मात्र हसू येईना. कारण जायचं कुठे, हे ठरवायचं काम लेकीने माझ्या गळ्यात टाकलं होतं.

यांना गळाचं वेड जुनं. लहानपण कळव्याच्या खाडीवर गेलेलं. खोपटला एसटी डेपोजवळ आम्ही राहायला आलो, तेव्हा भांडी लावायच्या आधी यांचा रॉड कपाटावर चढला होता. नव्वदच्या दशकात बँकेतल्या मित्रांबरोबर हे कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरीच्या कॅम्पला गेले होते, महसीर धरायला. तिथेही मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. पुढे वन्यजीव कायद्यामुळे अभयारण्यातली ती गळाची मासेमारी बंद झाली. हा महसीर तसा आपल्याच घरचा. दख्खनच्या महसीरची शास्त्रात पहिली नोंद झाली ती १८३९ साली, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती केली. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार करतात. ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली, आणि तिथल्या मूळच्या मोठ्या महसीरला त्यांनीच मागे सारलं, असं आता अभ्यासक म्हणतात. चांगलं करायला जावं तर… असो. आपला विषय पाईकचा.

आमची लेक विनिपेगला असते. बाबांच्या छातीत दोन स्टेंट बसले, त्यानंतर दीड-दोन वर्षं हे घरातून फारसे बाहेरच पडेनात. रॉडवर धूळ साचली. लेकीला ते बघवेना. ती म्हणाली, “आई, २०२४च्या उन्हाळ्यात तुम्ही इकडे या. बाबांना एकदा खऱ्या मोठ्या पाईकसाठी पाठवू. पैसे माझे. तीन लॉजची माहिती पाठवते, निवड तू कर. बाबांना विचारलंस तर ते फक्त माशाचे फोटो बघतील.”

अगदी तसंच झालं. यांनी फोटो बघितले आणि सगळ्यात लांबच्या लॉजवर बोट ठेवलं.

मैत्रिणींनो, हे प्रकरण काय असतं ते आधी सांगते. उत्तर कॅनडात हजारो तळी अशी आहेत की तिथवर रस्ताच जात नाही. चाकांऐवजी तरंगते पाय लावलेलं छोटं विमान तळ्यातूनच उडतं आणि दुसऱ्या तळ्यात उतरतं. ‘बीव्हर’ नावाचं त्यातलं एक विमान १९४७ साली पहिल्यांदा उडालं आणि अजूनही त्या जातीची विमानं माणसं नेतात. आपल्या एसटीपेक्षा चिवट म्हणायची! तळ्याकाठी लाकडी खोल्या, बोटी, वाटाडे. तिथे आठवडाभर राहायचं आणि पाईक शोधायचा.

पाईक म्हणजे लांबुळका, हिरवट, अंगावर फिकट ठिपके असलेला मासा. तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, आत सुईसारखे दात. साधी दोरी तो कापून टाकतो, म्हणून गळाच्या आधी तारेचा तुकडा लावतात. चाळीस इंचांच्या वरचा मिळाला की त्याला ‘ट्रॉफी’ म्हणायचं. जागतिक विक्रम जर्मनीतला आहे, १९८६ सालचा, पंचवीस किलोंचा. गंमत म्हणजे एवढे मोठे पाईक बहुतेक सगळे मादीच असतात. थंड पाण्यात वाढ हळू, त्यामुळे चाळीस इंच व्हायला पंधरा-वीस वर्षंसुद्धा लागतात. हे वाचल्यावर मी यांना म्हटलं, “म्हणजे एवढ्या लांब जाऊन तुम्ही एका आजीबाईंना त्रास देणार!” सोडून का देतात तेही तेव्हा कळलं. अशी एक आजी मारली तर तिची जागा भरायला दोन दशकं जातात.

मी एक जुनी डायरी काढली आणि प्रश्न लिहायला बसले. नळ दुरुस्त करणाऱ्याला घरात घ्यायच्या आधी आपण चार घरी चौकशी करतो. मग इथे का नाही?

काही प्रश्न सोपे होते. जायचं कधी? बर्फ वितळल्यावर, मेअखेर ते जूनमध्ये, मोठे पाईक उथळ, गवताळ भागात असतात. भर उन्हाळ्यात ते खोल गार पाण्यात उतरतात आणि अवघड होतात. पण जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या इतक्या, की डोक्यावरून जाळी घ्यावी लागते. विमानात सामान किती? मोजकंच, वजनावर. आणि माणसाचंही वजन विचारतात हो! तिथे बायकांनी खरं सांगायचं, उगाच पाच किलो कमी नको. स्वयंपाक कोण करणार? काही ठिकाणी रिकामी खोली आणि चूल मिळते, शिधा आपण न्यायचा. मी तो पर्याय तिथेच खोडला. चाळीस वर्षं केला तेवढा पुरे. काही ठिकाणी जेवणासकट सगळं असतं. दुपारी तळ्याकाठीच ताजा मासा तळून देतात, पाईक नव्हे, वॉलआय नावाचा. पण तो कशात तळतात हे विचारायला मी विसरले नाही. जुनी रीत डुकराच्या चरबीत तळायची आहे. आधी सांगितलं तर साध्या तेलात तळून देतात.

मासा सोडायची रीतही विचारली. गळाला उलटा काटा असतो की नाही? मॅनिटोबात तो नसलेलाच गळ वापरायचा नियम आहे. जाळं रबराचं की दोरीचं? दोरीच्या जाळ्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग मासा नंतर आजारी पडतो. यांनी भुवया उंचावल्या. “तुला कधीपासून एवढं कळायला लागलं?”

पण खरा प्रश्न डायरीच्या पहिल्याच ओळीत होता. रात्री दोन वाजता यांच्या छातीत दुखायला लागलं तर?

खोपटला असं झालं तेव्हा शेजारच्या मुलाने रिक्षा आणली आणि दहा मिनिटांत आम्ही हॉस्पिटलात होतो. त्या दहा मिनिटांनी माणूस हाती लागला. जिथे रस्ताच नाही तिथे दहा मिनिटं कुठून आणायची?

लेकीला शेजारी बसवून मी तिघांनाही फोन लावला. पहिला, म्हणजे यांच्या आवडीचा सगळ्यात लांबचा लॉजवाला, मोठ्याने हसला. इतक्या वर्षांत असं कधी झालंच नाही म्हणाला, आणि परत माशांच्या इंचांवर आला. दुसऱ्याने एका कागदाकडे बोट दाखवलं. काहीही झालं तर जबाबदारी आमची नाही, यावर सही करा. तिसरी बाई होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आमचं विमान अंधारात उडू शकत नाही. उजाडेपर्यंत ते येणार नाही. सॅटेलाइट फोन आहे, प्रथमोपचार शिकलेली दोन माणसं आहेत, सकाळी ढग खाली नसले तर चाळीस मिनिटांत गावात पोहोचवू. ढग असले तर नाही. तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि मग ठरवा.

मी तिथेच ठरवलं. लेक म्हणाली, “आई, तिने तर सगळ्यात वाईट उत्तर दिलं.” वाईट होतं, पण खरं होतं.

यांचं तोंड पडलं. त्या तळ्यातले मासे लहान, असा यांचा आक्षेप. आणि तो चुकीचा नव्हता. तिथे चाळीस इंचांचे मासे क्वचितच मिळत. आठ दिवस घरात मोजकंच बोलणं झालं. “मला काचेच्या कपाटात ठेव,” एवढं एकदा म्हणाले. त्याने मला लागलं. रात्रभर झोप नाही आली. आपण काळजी करतो, की माणसाला जखडून ठेवतो? अजूनही मला नीट उत्तर नाही.

शेवटी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या आणि जा म्हणाले, पण औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत आणि आठ दिवसांची जास्तीची. विमा घेताना आजार आधीपासून आहे हे लेकीने लपवलं नाही. हप्ता वाढला. पण लपवून काढलेला विमा गरजेच्या वेळी कागदच ठरतो.

जूनमध्ये विनिपेगहून गाडीने ओंटारिओतल्या रेड लेकला गेलो, पावणेपाचशे किलोमीटर. तिथून विमान. मीही गेले, पोहता येत नसताना! पाण्यातून विमान सुटताना मी डोळे घट्ट मिटून वरदायिनीचं नाव घेत होते. महाडजवळ वाळण कोंडीत तिच्या नावाने महसीर राखलेत, गावकरी त्यांना कुरमुरे घालतात. माशांशी ओळख असलेली देवी त्यातल्या त्यात बरी.

पहिले तीन दिवस यांना दोन-दोन फुटांचे मासे. हे गप्प. चौथ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे रात्री नऊला, कारण सूर्य मावळतच नाही, गवतापाशी दोरी एकदम ताठ झाली. वाटाड्या पोरगा कुजबुजत होता, यांचे हात थरथरत होते, आणि मी… मी पाण्याकडे नाही, यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. घाम आलाय का, ओठ निळे पडलेत का. मासा बोटीशी आला. सदतीस इंच. यांनी ओल्या हातांनी तिला पोटाखालून धरलं, पाण्यातच पुढे-मागे केलं. क्षणभर ती तशीच राहिली. मग शेपटी हलली आणि गेली. हे कितीतरी वेळ हात पाण्यात ठेवून बसले होते.

निघायच्या दिवशी ढग खाली उतरले. विमान आलं नाही. एक रात्र जास्त राहावं लागलं. पत्र्यावर पाऊस, सगळीकडे काळोख. यांना शांत झोप लागली होती. मी मात्र दोन वाजेपर्यंत घड्याळ बघत होते, आणि तीननंतरही.

आता ठाण्यात फोटो फ्रीजवर लावलाय. जाऊ येते, बघते आणि परत तेच विचारते. यांनी मात्र त्या लांबच्या लॉजची माहिती पुन्हा छापून टीपॉयवर ठेवली आहे. “तीनच इंच कमी पडले,” म्हणतात. मी काही बोललेले नाही. डायरीचं नवीन पान उघडून पहिली ओळ तेवढी लिहून ठेवली आहे. तीच.