पाटीवरचे नाव

गावाकडचा माणूस मुंबईला जातो. दादर स्टेशनात उतरतो. त्याच्या हातात एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर भावाचा नाहीतर लेकीचा पत्ता असतो. ज्याला वाचता येत नाही तो ती चिठ्ठी चारचौघांपुढे धरतो. "दादा, एवढं वाचून सांगा हो." कोणी थांबून सांगतो. कोणी घाईत निघून जातो. कोणी भलताच रस्ता दाखवतो.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तुम्ही मान वर करता, पाटी वाचता आणि नीट चालू लागता. कोणाची मनधरणी करावी लागत नाही. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण पाटी वाचून रस्ता सापडला, एवढ्यानेच काम संपले का? पाटीवर कोणाचे तरी नाव असते. ते नाव कोणाचे? ते त्या रस्त्याला का दिले? हे कळले म्हणजे नुसती पाटी राहत नाही. तिची गोष्ट होते. चला तर, आज दादरच्या रस्त्यांवरून एक फेरी मारू.

आधी थोडे दादरविषयी

आज दादर हे मुंबईच्या अगदी मध्यावर आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ती शहराबाहेरची वस्ती होती. शेते, वाड्या, नारळाची झाडे असा तो मुलूख होता. 'दादर' म्हणजे जिना. जिन्यावरून घरात शिरावे तसे इथून मुंबईत शिरायचे, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या चाळींत, जिथे ऊन नाही, वारा नाही, तिथे माणसे पटापट मेली. मग सरकारचे डोळे उघडले. १८९८ साली शहरसुधारणेसाठी एक मंडळ नेमले गेले. त्या मंडळाने दादर, माटुंगा, वडाळा या भागांत आखीव रस्ते काढले आणि मोकळी हवा येईल अशी घरे बांधायला जागा दिली. दादरच्या पूर्वेला हिंदू कॉलनी वसली ती अशीच. तिथल्या गल्ल्यांना आजही नुसते आकडे आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. पाहुण्याला घर शोधायला सोपे! पण आकड्याला गोष्ट नसते. गोष्ट असते ती नावाला.

झाडू हातात घेणारा सेनापती

स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलात की फुलांचा बाजार लागतो. झेंडू, शेवंती, निशिगंध यांचे ढीग पडलेले असतात. गावाकडच्या मळ्यांतली फुले इथेच येतात. हा रस्ता रुळांच्या कडेने लांबवर जातो. त्याचे नाव सेनापती बापट मार्ग.

जुनी माणसे मात्र याला 'तुळशी पाइप रोड' म्हणतात. ही तुळस अंगणातली नव्हे. मुंबईच्या उत्तरेला डोंगरात तुळशी नावाचा तलाव आहे. तो १८७९ साली बांधून झाला. त्याचे पाणी शहराला आणणारा नळ या बाजूने टाकला होता. नळावरून रस्त्याचे नाव पडले. शहर पाण्यावाचून जगत नाही, हे त्या जुन्या नावात आहे.

आणि सेनापती बापट कोण? ते काही फौजेतले सेनापती नव्हते. त्यांचे नाव पांडुरंग महादेव बापट. नगर जिल्ह्यातल्या पारनेरला १८८० साली त्यांचा जन्म झाला. ते विलायतेत शिकून आले. पण परत आल्यावर पारनेरला हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागले. पुढे १९२१ साली मुळशीला धरणाचे काम निघाले. एका कंपनीला वीज करायची होती आणि त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. बापट त्यांच्या पुढे उभे राहिले, तुरुंगात गेले. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. धरण काही थांबले नाही. पण गोरगरिबाच्या जमिनीसाठी लढणारा माणूस लोक विसरले नाहीत. ज्याने रस्ते झाडले, त्याचेच नाव एका मोठ्या रस्त्याला मिळाले.

पाणी सर्वांना खुले

थोडे आत गेलात की पाटी दिसते, एस. के. बोले रोड. रोज हजारो माणसे इथून जातात. पण 'एस. के.' म्हणजे काय, हे विचारले तर किती जण सांगतील?

सीताराम केशव बोले हे त्यांचे पूर्ण नाव. ते भंडारी समाजातले पुढारी होते. गिरणी कामगारांसाठीही त्यांनी काम केले. १९२३ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. गुरेढोरे पाणी पीत, माणसाला मात्र मनाई! बोले यांनी कायदेमंडळात ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या या लोकांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला.

महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांना खुले केले. पण ते कागदावरच. प्रत्यक्षात कोणी पाणी घेऊ देईना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. महाडचा सत्याग्रह तुम्ही ऐकला असेल. त्याच्या आधीची पायरी म्हणजे बोले यांचा ठराव. 'एस. के.' या दोन अक्षरांत एवढी गोष्ट दडली आहे.

शाळा मागणारा माणूस

पुढे गोखले रोड लागतो. हे नाव गोपाळ कृष्ण गोखले यांचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी १८६६ साली ते जन्मले. घरची गरिबी. पण शिकले, शिक्षक झाले, देशाचे पुढारी झाले.

१९११ साली त्यांनी इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात एक मागणी केली. मुलांना प्राथमिक शिक्षण फुकट द्या आणि ते सक्तीचे करा. १९१२ साली ती मागणी फेटाळली गेली. कोणी म्हणाले, एवढा पैसा आणायचा कुठून? कोणी म्हणाले, सगळेच शिकले तर शेतात राबायचे कोणी? गोखले १९१५ साली वारले.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या देशात २००९ साली झाला. म्हणजे गोखल्यांनी मागितल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी. या शंभर वर्षांत किती माणसे अक्षरावाचून राहिली असतील! त्यांत आपलेच आईबाप, आजीआजोबा आले. म्हणून ही पाटी आपण वाचली की क्षणभर थांबावे. ती आपल्याला वाचता यावी, यासाठीच हा माणूस भांडला होता.

बाईचे दान

गोखले रोड संपतो तिथून उत्तरेला माहीमकडे रस्ता जातो. त्याला लोक एल. जे. रोड म्हणतात. पूर्ण नाव लेडी जमशेदजी रोड.

पूर्वी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. पलीकडे जायला नावेखेरीज साधन नव्हते. पावसाळ्यात नावा उलटत, माणसे बुडत. खाडीवर रस्ता बांधा, अशी लोकांची मागणी होती. सरकार पैसा काढीना. तेव्हा मुंबईतले मोठे पारशी व्यापारी सर जमशेदजी जीजीभाई यांच्या पत्नीने दीड लाखावर रुपये दिले. अट एकच. या रस्त्यावर कोणाकडूनही जकात घ्यायची नाही. गरिबाला फुकट जाता आले पाहिजे. १८४५ साली रस्ता खुला झाला. माहीमचा तो बांध आजही वापरात आहे.

या बाईंचे नाव होते आवाबाई. आता गंमत पाहा. पैसा बाईने दिला, पण पाटीवर नाव नवऱ्याचे! पुढे लोकांनी त्याचेही 'एल. जे.' करून टाकले. आवाबाई कुठच्या कुठे राहिल्या. अशा किती बायकांची नावे पाटीपर्यंत पोचलीच नसतील!

पूल ओलांडून

आता मागे फिरा आणि टिळक पुलावरून पूर्वेला या. लोकमान्यांच्या नावाचा हा पूल रुळांवरून जातो आणि दादरच्या दोन बाजू जोडतो. पूल उतरलात की मोठा चौक लागतो. त्याचे ठरवून दिलेले नाव आहे खोदादाद सर्कल. पण टॅक्सीवाल्याला सांगायचे ते 'दादर टी. टी.'

टी. टी. म्हणजे गाडीत तिकीट तपासणारा नव्हे बरे का! तो ट्राम टर्मिनस, म्हणजे ट्रामचा शेवटचा थांबा. ट्राम म्हणजे रस्त्यात रूळ टाकून त्यावर चालणारी गाडी. मुंबईत १८७४ साली ती घोड्यांनी ओढायला सुरुवात झाली. १९०७ सालापासून ती विजेवर चालू लागली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली आणि ट्राम बंद झाली. रूळ गेले, गाडी गेली, पण नाव राहिले. लोकांच्या तोंडी बसलेले नाव असे चिवट असते.

याच चौकातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग जातो. पूर्वी याच्या या भागाला व्हिन्सेंट रोड असे इंग्रजी नाव होते. नाव बदलले ते योग्यच झाले. बाबासाहेबांचे घर इथून जवळच, हिंदू कॉलनीत आहे. त्या घराचे नाव राजगृह. आपली हजारो पुस्तके नीट ठेवता यावीत असे घर त्यांनी बांधून घेतले. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते दिल्लीत वारले. दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ती जागा म्हणजे चैत्यभूमी. दर वर्षी ६ डिसेंबरला तिथे लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तके विकत घेऊन जातात.

पाहा, रुळांच्या एका बाजूला बोले यांचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचा. एकाने पाण्याचा ठराव केला, दुसऱ्याने ते पाणी ओंजळीत घेतले.

आपल्या गावाचे काय?

तुम्ही म्हणाल, हे शहराचे झाले. आमच्या गावात कुठे रस्त्यांना पाट्या आहेत?

पाट्या नसतील, पण नावे आहेतच. सुतारआळी, कुंभारवाडा, वरची आळी, खालची आळी. काही नावे झाडांवरून पडली, काही कामावरून. त्यांत वाईट काही नाही. पण काही वस्त्यांची नावे अशी होती की ती माणसाला कमी लेखण्यासाठी वापरली गेली. पत्ता सांगितला की जात कळायची आणि समोरच्याची नजर बदलायची. मुलाने शाळेत वस्तीचे नाव सांगितले की मागच्या बाकावर कुजबुज व्हायची. चार अक्षरेच ती, पण जन्मभर बोचायची.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकावीत. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. सरकारने ठराव केला हे चांगलेच. पण महाडच्या तळ्याची आठवण ठेवा. ठराव कागदावर राहतो. तो खरा होतो माणसांच्या वागण्यात. पाटी नवी आणि तोंडात नाव जुनेच, असे असेल तर उपयोग काय?

म्हणून दोन गोष्टी करा. आपल्या आळीचे नाव कसे पडले, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ती माणसे गेली की गोष्टही जाईल. आणि ग्रामसभेत नव्या रस्त्याचे किंवा वस्तीचे नाव ठरत असेल तर गप्प बसू नका. विहिरीसाठी जमीन देणारी एखादी म्हातारी असेल, शाळेसाठी पायपीट करणारा एखादा मास्तर असेल, त्यांचे नाव सुचवा. पूर्ण नाव लिहायला सांगा. नुसती दोन अक्षरे नकोत.

पाटीवर नाव कोणाचे लावायचे, हे आपल्याला बोलता येते. आणि आता ते वाचताही येते.