उठून उभं राहताना

पंगत उठते. मांडी घालून तासभर बसलेली, श्रीखंड-पुरीनं जड झालेली माणसं हात टेकत उभी राहतात. बहुतेक जण सरळ हात धुवायला निघतात. एखादे आजोबा मात्र भिंतीला हात लावून क्षणभर थांबतात. “काही नाही रे, जरा अंधारी आली,” म्हणतात आणि मग तेही चालू लागतात. ती अंधारी का आली, यापेक्षा ती गेली कशी, हे मला जास्त नवलाचं वाटतं.

अडचण साधी आहे. पाणी उताराला जातं, तसं रक्तही जातं. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडून पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरतं. अंगात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास, त्यातलं एवढं खाली अडकलं. हृदयाकडे परत येणारं रक्त घटलं की दर ठोक्याला बाहेर पडणारंही घटतं, दाब घसरतो आणि सगळ्यात उंचावर बसलेल्या मेंदूला टंचाई जाणवते. त्यात नुकतंच जेवण झालेलं, म्हणजे आतड्यांनी आपला वाटा आधीच वाढवून घेतलेला.

गळ्यात, जबड्याच्या कोनाच्या थोडं खाली, मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी दोन फाट्यांत विभागते. तिथल्या भिंतीत चेतातंतूंची बारीक टोकं रुतलेली असतात. तशीच हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीतही असतात. ही टोकं खरं तर दाब मोजत नाहीत, भिंत किती ताणली गेली आहे ते ओळखतात. भिंत ताणलेली असेल तोवर ती मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे सतत संदेश पाठवत राहतात. दाब घसरला की भिंत सैल पडते आणि संदेश विरळ होतात. बडबडं मूल अचानक गप्प झालं की आई स्वयंपाकघरातून डोकावते, तशी लंबमज्जा या शांततेनं सावध होते.

पहिला उपाय ठोक्या-दोन ठोक्यांत होतो. हृदयाला स्वतःची लय आहे. मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. विश्रांतीत आपली नाडी सत्तरच्या आसपास असते, कारण व्हेगस नावाची चेता त्याला सतत आवरून धरते. उभं राहताच लंबमज्जा ही पकड ढिली करते. नवीन काही घडवायचं नसतं, म्हणूनच हे इतकं झटपट होतं. पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून पुन्हा मोजा: दहा-वीस ठोक्यांचा फरक बोटांना कळेल. ज्यांच्या अंगात दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं, त्यांची विश्रांतीतली नाडी नव्वद-शंभरच्या घरात असते, कारण शस्त्रक्रियेत व्हेगसच्या तारा तुटलेल्या असतात.

पण नुसतं हृदय पळवून भागत नाही. खाली अडकलेलं रक्त वर यायला हवं, आणि ते काम आपोआप चालणाऱ्या, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेच्या दुसऱ्या शाखेचं, अनुकंपी चेतांचं. व्हेगस पहिल्या शाखेतली. या नावाची मला गंमत वाटते. आपल्याकडे अनुकंपा म्हटलं की दया आठवते, नाहीतर अनुकंपा तत्त्वावरची सरकारी नोकरी. इथे मात्र ज्या चेता संकटात छाती धडधडवतात, घाम फोडतात, त्यांनाच हे नाव. अवयव एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होतात, अशा जुन्या युरोपीय कल्पनेतून मूळ नाव आलं आणि आपण त्याचं इमानानं भाषांतर केलं.

ज्यानं शेतात रात्रीची दारं धरली आहेत, त्याला या चेतांचं काम लगेच कळेल. पाटाला पाणी कमी असलं की एका वाफ्याचं दार मातीनं बुजवायचं आणि पाणी पुढे काढायचं. शरीरात प्रत्येक अवयवाच्या तोंडाशी अगदी बारीक रोहिण्या असतात, त्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि त्या स्नायूपाशी अनुकंपी तंतू येऊन पोहोचतात. संदेश आला की स्नायू आवळतो. त्वचेचं, आतड्याचं, मूत्रपिंडाचं दार अर्धवट बंद होतं; शिराही आवळून साठलेलं रक्त वर ढकलतात. याला काही सेकंद लागतात. आजोबा भिंतीला धरून उभे असतात ते याच सेकंदांत.

या दोन शाखांना गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणायची पद्धत आहे. हृदयापुरती ती उपमा चालते, रक्तवाहिन्यांपाशी फसते. बहुतेक रक्तवाहिन्यांना अनुकंपी शाखेचेच तंतू जातात. दार उघडायला वेगळा माणूस नसतो, बुजवणाऱ्यानं हात सैल केला की ते उघडतं.

आता हा संदेश स्नायूला पोहोचतो कसा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच जण तो विजेचा मामला समजत होते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन धडधडती हृदयं क्षारद्रवात ठेवली. एकाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. त्याला कुठलीही चेता चेतवली नव्हती, तरी तेही मंदावलं. म्हणजे चेतेच्या टोकाशी काहीतरी रसायन झरत होतं. 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगासाठी लोवींना 1936 चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. प्रयोगाची युक्ती आपल्याला स्वप्नात सुचली, असं ते सांगत.

म्हणजे चेतासंस्था आणि संप्रेरकं हे पाठ्यपुस्तकातले दोन धडे शरीराच्या लेखी इतके वेगळे नाहीत. दोन्हीकडे रसायनंच बोलतात. चेता आपलं रसायन केसाहून बारीक फटीत टाकते, ग्रंथी ते रक्तात सोडते. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी तर या दोहोंच्या वेशीवरच आहे. तिचा गाभा मुळात अनुकंपी चेतासंस्थेचाच भाग, फक्त त्यातल्या पेशींना लांब तंतू फुटलेले नाहीत. त्यामुळे त्या आपलं रसायन, मुख्यतः ॲड्रेनलिन, थेट रक्तात ओततात. ते सगळीकडे पोहोचतं, पण सगळीकडे एकच परिणाम करत नाही. त्वचेच्या रक्तवाहिन्या त्यानं आवळतात, तर हातापायांच्या स्नायूंतल्या सैलावतात, कारण दोन्हीकडचे ग्राही, म्हणजे रसायनाचा निरोप झेलणारे रेणू, वेगळे आहेत. निरोप तोच, पण घरोघरी त्याचा अर्थ वेगळा.

एव्हाना आजोबा हात धुऊन खुर्चीत बसलेत. खरं मंद काम पुढे आहे. दारं बुजवून वेळ मारून नेता येते, पण पाटातच पाणी कमी असेल तर? उन्हातान्हात घाम गाळून आलेल्या माणसाचा हाच प्रश्न असतो, आणि इथून पुढचं काम संप्रेरकांचं. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला तो चेतवणं या अर्थाच्या ग्रीक धातूवरून, आणि मराठीतला ‘संप्रेरक’ तेच सांगतो.

मूत्रपिंडाला रक्त कमी मिळालं, किंवा अनुकंपी चेतांनी सूचना दिली, की ते रेनिन सोडतं. यकृतातून आलेलं एक प्रथिन रेनिन छाटतं. तो तुकडा मुख्यतः फुप्फुसातून जाताना आणखी एकदा छाटला जातो आणि अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, तहान लावतं आणि अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला मीठ राखायला सांगतं, मिठामागे पाणी येतं. पेशींना त्यासाठी नवी प्रथिनं घडवावी लागतात, म्हणून याला तास लागतात. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात ही दुसरी छाटणी रोखणारे पदार्थ सापडले आणि त्यांच्या अभ्यासातून रक्तदाबावरची गोळ्यांची एक मोठी जात निघाली.

पाणी राखणारं दुसरं संप्रेरक व्हॅसोप्रेसिन. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या चेतापेशी ते बनवतात आणि पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडतात. पुन्हा चेता आणि ग्रंथी एकच. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, लघवीवाटे जातो तो दीड-दोन लिटर. या मधल्या हिशोबाचा शेवटचा हात व्हॅसोप्रेसिनचा असतो. दारू त्याला दाबते, म्हणून पिणारा सारखा उठतो आणि सकाळी त्याचा घसा कोरडा असतो.

ही साखळी कुठेही तुटू शकते. अनेक वर्षांच्या मधुमेहानं स्वायत्त चेता झिजल्या की दारं बुजवायला माणूसच उरत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर डॉक्टर तो दोष धरतात. शाळेच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या कोसळणाऱ्या पोराचं प्रकरण वेगळं. तिथे चेता शाबूत असतात, पण भलताच हुकूम सुटतो. व्हेगस एकदम जोर धरते, दारं उघडतात आणि दाब कोसळतो. आडवं पडणं हाच त्यावरचा उपाय असतो, डोकं हृदयाच्या पातळीवर येतं. आपले लोक मात्र त्याला बखोटीला धरून उभं करतात आणि कांदा हुंगवतात. कांदा राहू द्या, पोराला आडवंच ठेवून पाय उचलून धरा.

म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात अवघड वेळ रात्रीची. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं पडल्यावर रक्तात परत येतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना वाटतं, रक्त जास्त झालं. ते स्वतःच एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडाला मीठ-पाणी टाकायला सांगतात. म्हणून लघवीला उठावं लागतं. उबेतल्या अंगाच्या रक्तवाहिन्या सैल, त्यात प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या अनुकंपी चेतांचा हुकूमच स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत. अशा वेळी ताडकन उठलेला माणूस न्हाणीघराच्या दारात पडतो.

माझी आजी कधी ताडकन उठली नाही. पाय खाली सोडून ती पलंगाच्या कडेला बसायची, घोटे हलवत. पोटरीचा स्नायू शिरांना पिळून रक्त वर ढकलतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गोधडीची घडी घालायची, चष्मा चाचपायची, देवाचं नाव घ्यायची, आणि मग काठीला हात घालायची.