शहामृगासारखे डायनोसॉर

अमेरिकेंतील पुराजीवशास्त्रज्ञ ऑथनिएल मार्श यांनीं कोलोरॅडोमधील एका प्राण्याच्या हातापायांचीं कांहीं अश्मीभूत हाडें तपासलीं. पाय इतका पक्ष्यासारखा होता कीं, १८९० सालीं त्यांनीं त्या प्राण्याचें नांव ‘ऑर्निथोमिमस’, म्हणजे ‘पक्ष्याचें अनुकरण करणारा’, असें ठेविलें. पुढें सांपडलेल्या सांगाड्यांनीं तें सार्थ ठरविलें. लांब मान, लहान डोकें, दांत नसलेली चोंच आणि धांवण्यास योग्य अशा उंच तंगड्या. पंखांच्या जागीं मात्र नख्यांचे हात, आणि मागें लांब शेपूट.

हें साम्य वंशाचें नव्हे. शहामृग या कुळांतून जन्मला नाहीं. सारख्या जीवनक्रमानें दोघांस सारखें रूप दिलें, इतकेंच. चोंचही आरंभापासून बोडकी नव्हती. स्पेनमध्यें मिळालेल्या ‘पेलेकॅनिमिमस’ या जुन्या भाऊबंदाच्या तोंडांत सुमारें २२० बारीक दांत होते. वंश पुढें सरकला तसे ते गेले, आणि दळण्याचें काम पोटांतील खड्यांकडे आलें. धान्य खाणारे पक्षी आजही असेच खडे गिळतात.

आल्बर्टा प्रांतांतील नमुन्यांवर २०१२ सालीं पिसांच्या खुणा ओळखल्या गेल्या. पिलाच्या अंगावर नुसती मऊ लव, प्रौढाच्या हातांवर मात्र मोठ्या पिसांचे ठसे. ज्याला उडावयाचें नाहीं त्याला वय वाढल्यावर पंख कशाला? जोडीदारास मोहविण्यासाठीं किंवा अंडीं उबविण्यासाठीं, असें शास्त्रज्ञ म्हणतात. अर्थात् हा तर्कच समजावा.

सर्वांत बोलकी साक्ष गोबीच्या वाळवंटांतील आहे. सुमारें ९ कोटी वर्षांपूर्वीं आजच्या अंतर्गत मंगोलियांत, एका आटत्या तळ्याच्या कांठीं ‘सिनॉर्निथोमिमस’ जातीचा कळप चिखलांत फसला. खोदकामांत कांहींचे मागील पाय खोल रुतलेल्या स्थितींतच आढळले. म्हणजे सुटकेची धडपड करीत करीत ते मेले. झाडाच्या खोडाप्रमाणें हाडांतही वाढीचीं वलयें असतात. तीं मोजतां या प्राण्यांचीं वयें १ ते ७ वर्षें भरलीं. नुकतें जन्मलेलें पिलूं त्यांत एकही नाहीं, आणि पूर्ण वाढलेला प्राणीही नाहीं. वडील मंडळी घरटीं सांभाळण्यांत गुंतलेलीं असतां हीं पोरें आपली टोळी करून हिंडत असावींत, असा अर्थ संशोधकांनीं २००८ सालीं लाविला. त्यांतील दोघांच्या पोटांत खडे होते, आणि शेवटच्या खाण्याचे अवशेषही.