तोरणातला झेंडू आणि मेणाचं मलम

दसऱ्याचं तोरण उतरवलं की दर वर्षी कुणीतरी मला विचारतंच, "या झेंडूचंच मलम करतात ना?" थंडी सुरू व्हायच्या आधी मी घरी छोट्या डब्यांतून मलम करून ठेवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: तोरणाच्या झेंडूचं मलम करू नका.

हा घोळ नावाचा आहे. मलमांच्या इंग्रजी कृतींत 'मॅरीगोल्ड' लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा 'पॉट मॅरीगोल्ड', म्हणजे कॅलेंडुला. हे भूमध्य समुद्राच्या बाजूचं फूल. आपला झेंडू टॅजेटिस प्रजातीचा, तो मूळचा मेक्सिकोचा. दोघांचं कूळ एक असलं तरी त्यांतली रसायनं निराळी. टॅजेटिसमध्ये थायोफीन वर्गातली द्रव्यं असतात आणि ऊन मिळालं की ती त्वचेच्या पेशींना इजा करतात. म्हणूनच युरोपात सौंदर्यप्रसाधनांतल्या टॅजेटिस तेलावर कडक बंधनं आहेत. शिवाय तोरणाची फुलं पूजेसाठी पिकवलेली असतात, त्यांच्यावर काय काय फवारलं असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. मलमाला कॅलेंडुलाच्या वाळवलेल्या पाकळ्याच घ्याव्यात.

पण कॅलेंडुलाही सगळ्यांना सोसतो असं नाही. हे सांगताना मला गाजर गवत आठवतं. १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात हे तण लक्षात आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या ॲलर्जीनं कितीतरी शेतकऱ्यांचे चेहरे, पापण्या, मान, कोपरांचे सांधे वर्षानुवर्षं खाजत आणि सोलत राहिले आहेत. गाजर गवत, शेवंती, सूर्यफूल, झेंडू, कॅलेंडुला ही सगळी एकाच कुळातली. ज्याला गाजर गवताची ॲलर्जी आहे त्याची त्वचा या बाकीच्या फुलांवरही उठू शकते. अशा माणसाला मी फूल न घातलेलं मलम देते.

"वनस्पतीच तर आहे, तिनं काय अपाय होणार?" हे वाक्य मी फार ऐकते. ज्यानं बिब्बा उतलेला पाहिला आहे तो असं म्हणणार नाही. बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी काळी पडते आणि फोड येतात. आंब्याच्या चिकानं ओठाच्या कडेला पोळतं, काजूच्या टरफलाच्या तेलानं सोलणाऱ्या बायकांची बोटं भाजतात. तिन्ही झाडं एकाच कुळातली, तिन्ही अस्सल निसर्गातली. कडुनिंबाचं तेलही नुसतं, न मिसळता लावलं तर नाजूक कातडीला झोंबतं. झाडपाला आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

आता मला खरं वाटणारी गोष्ट सांगते. मलमाचा गुण मुख्यतः वनस्पतीत नसतो, तेलात आणि मेणात असतो. कोरडी, चिरलेली, खाजणारी त्वचा म्हणजे वरचा थर विरळ झालेली त्वचा. तिथून पाणी उडून जातं आणि साबण, धूळ, लोकर आत टोचत राहते. मलम त्या थरावर झाकण घालतं. पाणी आत राहिलं की त्वचा स्वतःच स्वतःला सांधते. कॅलेंडुलानं थोडी जळजळ शमत असेलही, पण ती वरची भर. पेट्रोलियम जेली 'केमिकल' म्हणून टाकून देणाऱ्यांना मी हेच सांगते. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, आणि पाणी अडवण्यात शुद्ध केलेल्या जेलीची बरोबरी आजही फार थोडे पदार्थ करतात. त्वचारोगतज्ज्ञ ॲलर्जीची चाचणी करताना तपासायचा पदार्थ बहुधा याच जेलीत मिसळतात, कारण तिची स्वतःची ॲलर्जी अत्यंत क्वचित असते.

तरीही मी घरी मलम करते ते कोकम तेलासाठी. कोकणात त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर येणारी चरबी काढायची आणि तिचे गोळे वळायचे. भेगाळलेल्या टाचांवर हे लावण्याची रीत जुनी आहे. ते शरीराच्या उष्णतेच्या आसपास वितळतं, त्यामुळे डब्यात घट्ट राहतं आणि बोटाखाली विरघळतं. खोबरेल पंचवीस अंशांच्या आतबाहेरच पातळ होतं. मधमाशांच्या मेणाला मात्र ६२ ते ६४ अंश लागतात. उन्हाळ्यात मलम डब्यात उभं राहतं ते मेणामुळे.

माझं प्रमाण असं: ७० ग्रॅम खोबरेल, १५ ग्रॅम कोकम तेल, १५ ग्रॅम मेण. सगळं वजनावर घ्यायचं, चमच्यावर नाही. आधी वाळलेल्या पाकळ्या बुडतील इतक्या खोबरेलात, गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत दोन-तीन तास ठेवते. तेल तळणीसारखं तापू द्यायचं नाही. मग मलमलच्या फडक्यातून गाळून वजन करते, त्यात मेण आणि कोकम तेल वितळवते आणि कोरड्या डब्यांत ओतते. मेण मधमाशांचंच घ्यावं, मेणबत्तीचं बहुधा पॅराफिन असतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. अशा मधपाळांच्या गावी चांगलं मेण मिळू शकतं. मलम सावकाश गार झालं तर त्यात रव्यासारखे दाणे पडतात. लोक ते बिघडलं म्हणून फेकतात. ते बिघडलेलं नसतं, पुन्हा वितळवून लवकर गार केलं की गुळगुळीत होतं. खवट वास आला तर मात्र टाकावं.

सगळ्यात जास्त मलमं बिघडतात ती पाण्यानं. "ताजी कोरफड घातली तर आणखी गुण येईल" असं वाटतं, पण कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच. तेलात तो मिसळत नाही, तळाशी राहतो आणि तिथे जंतू वाढतात. पानाच्या कडेचा पिवळा चीक तर त्वचेला खाजवतो. ताजा पाला, गुलाबपाणी, दूध यांचंही तेच. व्हिटॅमिन ई घातलं की मलम टिकतं, हा समजही अर्धाच खरा. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना अडवत नाही. शंभर वेळा पाण्यानं धुतलेलं शतधौत घृत मऊ आणि थंड लागतं, पण त्यात पाणी अडकलेलं असतं. ते थोडं करावं आणि लवकर संपवावं.

लिंबू पिळायचं नाही. त्याचा रस त्वचेच्या स्वाभाविक आम्लतेपेक्षा कितीतरी आंबट असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. सुगंधी तेलांचे थेंबही खाजणाऱ्या त्वचेला नकोत. टी ट्रीचं तेल जुनं झालं, हवा लागली, की जास्त ॲलर्जी करतं.

"एकदा लावून पाहिलं, काही झालं नाही," एवढ्यावर थांबू नये. ॲलर्जी बहुधा दोन-तीन दिवसांनी दिसते, कधी त्याहून उशिरा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावं आणि मगच चेहऱ्याला किंवा बाळाला लावावं.

घामोळ्यांवर मलम लावू नये, घामाची वाट आणखी बंद होते. ताज्या भाजण्यावर तूप, हळद, मलम काहीच नको, वीस मिनिटं वाहतं गार पाणी धरावं. नायट्यावर मलमाचा उपयोग नाही, तो बुरशीचा आजार आहे. त्यावर दुकानातून विचारून आणलेलं स्टिरॉइडचं मलम तर खाज दाबून नायटा पसरवतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नियम कडक केले. कातडीतून पाणी येत असेल, पू असेल, ताप असेल, तर डबा बंद ठेवून डॉक्टरांकडे जावं. माझ्या प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलेला असतो: काय काय घातलं आणि कोणत्या दिवशी केलं. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.