हळदीचा डाग लाल का होतो?

लग्नाची पंगत बसली आहे. मठ्ठा आला, जिलेबी आली. वरणभात कालवताना एक थेंब उडाला आणि नेमका पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर पडला! घरी येऊन तुम्ही गुपचूप मोरीत गेलात आणि त्या पिवळ्या डागावर साबणाची वडी घासलीत. आणि काय आश्चर्य, डाग लालभडक!

घाबरू नका. भरपूर पाण्याने खळबळलंत की तो पुन्हा पिवळा होईल. लिंबू पिळलंत तर झटकन होईल. त्या डागाने तुम्हाला एक गुपित सांगितलंय, आज आपण तेच उलगडू या.

हळदीत कर्क्युमिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. साबण, चुना, धुण्याचा सोडा यांच्यापैकी कोणी भेटलं की ते लाल होतं. लिंबू, चिंच किंवा कैरीचा आंबट रस भेटला की पुन्हा पिवळं. आंबट मंडळींना म्हणायचं आम्ल आणि साबण-चुन्याच्या मंडळींना आम्लारी. हा शब्द फोडून पाहा बरं! आम्ल अधिक अरि. अरि म्हणजे शत्रू. आम्लाचा शत्रू तो आम्लारी! आणि कोण आलंय याची खबर रंग बदलून देणारी हळद म्हणजे ‘दर्शक’.

हळदीचं हे गुपित आपल्या पणज्यांना पक्कं ठाऊक होतं. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, म्हणून तर हळदीपासून कुंकू करता येतं! शाळेतला लिटमस कागद हाही असाच दर्शक. त्याचा रंग मुळात दगडफुलांपासून मिळवतात. हो, गोडा मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचेच हे भाऊबंद.

आता खरी गंमत. हे दोन शत्रू समोरासमोर आले तर काय होतं?

आम्ल पाण्यात मिसळलं की हायड्रोजनचे धनभारित कण सोडतं. आम्लारी सोडतो हायड्रॉक्साइडचे ऋणभारित कण. दोन्ही कण भेटले की एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यांचं होतं चक्क पाणी! मागे जे उरतं त्यातून बनतो क्षार. या घटनेला म्हणतात उदासिनीकरण. इथे उदासीन म्हणजे दुःखी नव्हे बरं का! उदासीन म्हणजे ना आम्लाच्या बाजूचा, ना आम्लारीच्या.

हायड्रोक्लोरिक आम्ल अंगावर पडलं तर कातडी भाजते. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हाही तसाच दाहक. पण दोघं अगदी बरोबर मापात एकत्र आले तर काय उरतं? पाणी आणि सोडियम क्लोराइड. म्हणजे आपलं जेवणातलं मीठ! दोन दाहक पदार्थांतून खारट पाणी! हे मिसळताना बरीच उष्णता बाहेर पडते आणि ही रसायनं फार धोक्याची असतात, म्हणून हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही.

‘बरोबर मापात’ हे शब्द मात्र नीट लक्षात ठेवा, सगळी किमया त्यातच आहे. आपल्या जठरातही हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते जास्त झालं की छातीत जळजळतं. मग डॉक्टर जे पांढरं दुधासारखं औषध देतात, त्यात बहुधा मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड असतो, म्हणजे आम्लारीच. तो जादा आम्लाला उदासीन करतो. पण सगळंच आम्ल संपवलं तर अन्न पचणार कसं? म्हणून औषधाचंही माप असतं. कोकणात धो धो पावसाने जमिनीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं आणि माती आम्लधर्मी होते. तिथे शेतात चुना घालतात, तोही माती तपासून, मोजूनच.

मग हे माप घ्यायचं कसं? १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञांनी एक मोजपट्टी सुचवली. मराठीत तिला म्हणतात सामू. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. लिंबाचा रस २ च्या आसपास, तर चुन्याची निवळी १२ च्या आसपास.

पण एखाद्या रसात आम्ल किती, हे तुम्हीही मोजू शकता, आणि तुमचं यंत्र म्हणजे चिमूटभर हळद! घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. पानाला लावायचा चुना हरभऱ्याएवढा घेऊन पेलाभर पाण्यात ढवळायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी वरची नितळ निवळी मोठ्यांनीच अलगद ओतून घ्यावी. चुना डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही आणि प्रयोगातलं काही चाखायचं नाही. आता वाटीत दोन चमचे निवळी घ्या आणि त्यात अगदी किंचित हळद घाला. झाली ना लाल? मग ड्रॉपरने लिंबाचा गाळलेला रस घाला. एक थेंब, ढवळा. दुसरा थेंब, ढवळा. लाली हटत नाही, हटत नाही, आणि मग एका थेंबाला सगळी वाटी पिवळी! तो थेंब पडला तेव्हा निवळीतला आम्लारी संपला.

किती थेंब लागले ते वहीत लिहा. मग तेवढीच नवी निवळी, तेवढीच हळद घ्या, पण आता रस संत्र्याचा. थेंब कितीतरी जास्त लागतील, कारण संत्र्यात आम्ल कमी. ज्याला कमी थेंब, तो रस जास्त आंबट. जीभ नुसतं ‘आंबट’ म्हणून डोळे मिचकावते, पण किती आंबट ते थेंब सांगतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडून हेच मोजतात.

आता कैरी आणा, दुसऱ्या झाडाचं लिंबू आणा आणि मोजा. पुढच्या वेळी पंगतीत सदऱ्यावर वरण सांडलं, तर डाग धुण्याआधी एकदा साबण लावून नक्की बघा!