परदेशात समाजशास्त्र शिकायचंय? आधी सातबारा वाचा

पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुट ओलांडलं की कासार आंबोली. त्याच रस्त्याने पुढे, मुळशी तालुक्यातच पौडजवळ खुबवलीला १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. देशोदेशीची मुलं तिथे दोन वर्षं राहून शिकतात आणि मग जगभरातल्या विद्यापीठांत जातात. परदेशी शिक्षणाच्या तयारीबद्दल पालकांशी बोलताना काही समजुती पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

गैरसमज : इंग्रजी पक्कं झालं की तयारी झाली.
आयईएलटीएस किंवा टोफेलमध्ये भाषा तपासतात, विचार नाही. खुबवलीत शिकवला जाणारा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा सहा विषयांचा असतो. शिवाय स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा लागतो. मुलं खरी अडतात ती तिथेच, कारण प्रश्न लहान करणं अवघड जातं. ‘मुळशीतला बदल’ हा विषय झाला. ‘जमीन विकलेल्या घरांत आता भातलावणीला कोण जातं?’ हा प्रश्न झाला.

गैरसमज : गुण कमी पडले की आर्ट्स.
हे ऐकलं की मला वाईट वाटतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण त्यासोबत समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञानही. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. परक्या विद्यापीठात त्यांनी मांडला तो आपल्याच समाजाचा प्रश्न, आणि तोही पुराव्यानिशी. आज अर्थशास्त्राला जाणाऱ्या मुलाला गणित आणि संख्याशास्त्र चुकवता येत नाही. समाजशास्त्रातही आकडेवारी वाचावीच लागते.

गैरसमज : पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की गुण मिळतात.
आपल्याकडे पाठांतराला शाबासकी मिळते. तिकडे मूळ लेखकाचं नाव न देता त्याचं वाक्य वापरलं की ते वाङ्मयचौर्य ठरतं. ही सवय अकरावीतच मोडावी.

गैरसमज : गावात फिरून प्रश्नावली भरून आणली की क्षेत्रकार्य झालं.
‘तुमचं उत्पन्न किती?’ असं चार माणसांसमोर विचारलं, तर खरं उत्तर कोण देईल? आधी आपण कोण, माहिती कशाला हवी, नाव छापणार का, हे सांगून परवानगी घ्यायची असते. ‘नको’ म्हणाले तर उठून यायचं असतं. मुळशीला तर जमिनीच्या प्रश्नाचा जुना इतिहास आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथले शेतकरी सत्याग्रहाला बसले आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती बापट झाले. हे ठाऊक नसलेल्याने इथे जमिनीबद्दल विचारायला जाऊ नये.

म्हणून माझं पालकांना सांगणं असतं, मुलांच्या हातात एक सातबारा द्या. गाव नमुना सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिकं. मालक म्हणून नाव कोणाचं? ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव आहे का? बहिणींची नावं आहेत की हक्कसोडपत्राने गेली? गेली असतील, तर सही केली त्या दिवशी बहिणीला कोणी काय सांगितलं होतं? एवढं मात्र कागदावर नसतं. त्यासाठी त्या बाईसमोर जाऊन बसावं लागतं आणि तिला हवं तेवढा वेळ गप्प राहावं लागतं.