आई बहिरी, आठवडाभर पिल्लंही

पिल्लांना वरचं खाणं कधी आणि कसं सुरू करायचं, हे आज यायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलावं लागतंय, कारण साताऱ्याच्या एका वाचकभगिनींच्या पत्राला थांबायला वेळ नाही. त्यांची पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजरी नुकतीच व्यायली. खायला म्हणून ती उठली, तेव्हा आचळाला चिकटलेलं एक पिल्लू तिच्याबरोबर खोक्याबाहेर ओढलं गेलं आणि कॉटखाली पडून टाहो फोडू लागलं. आई हातभर अंतरावर शांतपणे खात होती. कानही हलला नाही तिचा. 'हिनं पिल्लू टाकलं का?' असं त्यांनी विचारलंय.

टाकलेलं नाही. बहुधा तिला ते ऐकूच आलं नाही.

निळे डोळे आणि बहिरेपण यांचं नातं डार्विननंही नोंदवलं होतं. १८५९च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्यानं निळ्या डोळ्यांची मांजरं सरसकट बहिरी ठरवली. नंतरच्या एका आवृत्तीत मात्र पूर्ण पांढऱ्या मांजरांपुरतंच आणि तेही बहुतांशी, अशी दुरुस्ती केली. ती योग्यच होती. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत साधारण ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात, एकच डोळा निळा असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास. इतर रंगांचे डोळे असलेल्या पांढऱ्या मांजरांतही पाचात एखादं असतं. अंगाला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथल्या द्रवातलं पोटॅशियम त्या राखतात. त्या नसल्या की ऐकण्याची नाजूक यंत्रणा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच कोलमडते आणि पुन्हा उभी राहत नाही.

आता यातली खरी नवलाची गोष्ट. पहिल्या आठवड्यात कुठलंच पिल्लू ऐकत नसतं. डोळ्यांसारख्याच कानाच्या नळ्याही मिटलेल्या असतात. त्या उघडू लागतात पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमाराला. तोवर पिल्लाचं जग म्हणजे ऊब, वास आणि स्पर्श. नवजात पिल्लू पोटावर सरपटताना पाहावं: मान डावी-उजवी डोलवत, नाक जमिनीला लावत ते उबेच्या दिशेनं सरकतं आणि आईच्या पोटाशी पोहोचलं की तोंडानं चाचपत आचळ गाठतं. आई घुरघुरते त्याची थरथर त्याला अंगानं कळते. बहिरी मांजरीही घुरघुरते, चाटते, कुशी वळवून पाजते. म्हणजे आईकडून पिल्लाकडे जाणारं सगळं शाबूत आहे.

तुटलेला आहे तो उलटा रस्ता. गारठलं, दूर पडलं किंवा आईच्या अंगाखाली दबलं, तर पिल्लाकडे एकच उपाय असतो, ओरडणं. पहिल्या आठवड्यात त्याला धड कुडकुडताही येत नाही. ऐकणारी आई त्या आवाजावर ताडकन उठते, मान पकडून पिल्लू परत आणते. बहिरी आई पिल्लू नजरेसमोर वळवळलं तरच धावते.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. इथे ती फिरवू द्यायची नाही. जागा बदलताना एखादं मागे राहिलं तर ते ओरडत राहील आणि आईला पत्ताही लागणार नाही. तेव्हा एक खोली, दार बंद आणि पलंग-कपाटांखालच्या फटी बुजवलेल्या.

खोक्याच्या कडा वीतभर उंच असाव्यात. आईला सहज ओलांडता याव्यात, पिल्लांना नाही. आत मऊ रजई नको, तिच्या घड्यांत पिल्लू हरवतं आणि आई नकळत त्यावर बसते. जुनी सुती साडी ताणून, सपाट अंथरावी. रात्री झिरोचा दिवा चालू ठेवावा, म्हणजे तिला निदान दिसेल. पहिले चार-पाच दिवस दर दोन-तीन तासांनी पिल्लं मोजावीत. गार पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी छातीशी धरून हळूहळू ऊब द्यावी, मगच आईच्या कुशीत सोडावं. गार पिल्लाला दूध पचत नाही. आईच्या मागून एकदम हात घालू नये. दचकून उडी मारताना तिचाच पाय पिल्लावर पडतो. पाय जोरात टेकत, समोरून जावं, म्हणजे जमिनीच्या कंपनानं तिला चाहूल लागते.

किचनमधला वजनकाटा इथे फार उपयोगी. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं आणि आठवडा-दहा दिवसांत दुप्पट होतं. सकाळी ठरल्या वेळी वजन करावं. दिवसभर काटा हलला नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

पिल्लंही बहिरी निघतील का, हा पत्रातला दुसरा प्रश्न. रंगीत पिल्लांची काळजी सहसा नको, पांढऱ्यांकडे मात्र लक्ष ठेवावं. डोळ्यांवरून आत्ता काही ठरवू नये. सुरुवातीला सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात आणि खरा रंग दीड-दोन महिन्यांनी उतरतो. सहाव्या आठवड्यात पिल्लू गाढ झोपलेलं असताना, त्याला वारा किंवा धक्का लागणार नाही इतक्या लांबून किल्ल्या वाजवून पाहाव्यात.

मांजरी पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून दार बंद ठेवणं बोक्यासाठीही गरजेचं आहे. हा बहिरेपणा वंशातून उतरतो, त्यामुळे पिल्लांनी दूध सोडलं की तिची नसबंदी उरकून घ्यावी.

वरचं खाणं आता नक्की पुढच्या आठवड्यात. तोवर रोजची वजनं वहीत लिहून ठेवावीत. कुठल्या पिल्लाला आधी सुरू करायचं, ते त्यावरूनच ठरणार आहे.